कारसीटच्या कायद्याबद्दल कोर्टात आणि पालकांपुढे बोलायचंय, नेमकं काय सांगू?

दोन_वेण्या:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. लहान मुलांच्या कारसीट गाडीत नीट बसवून द्यायचं काम मी तीन वर्षं स्वयंसेवक म्हणून करतेय. आता ट्रॅफिक कोर्टातल्या लोकांसमोर अर्धा तास बोलायला बोलावलंय आणि त्याच दिवशी दुपारी, ज्यांना सीटवरून दंड झालाय अशा पालकांचा वर्ग घ्यायचाय. सकाळचं जास्त टेन्शन आहे. पालक कोर्टात सांगतात की जवळच चाललो होतो, बाळ रडत होतं म्हणून दोन मिनिटं मांडीवर घेतलं, आणि ऐकणाऱ्याला ते मनापासून पटतं, केस निकाली निघते, आणि बाळ परत तसंच मांडीवर बसून घरी जातं. कुणाला दोष न देता हे कसं मांडू? काय दाखवू, काय गाळू?

चिऊची_आई:
पालकांना कलमं वाचून दाखवू नकोस गं, मी पण अशा एका वर्गात बसलेय, पाच मिनिटांत लक्ष उडतं. सरळ हातात सीट दे आणि बाहुली बसवायला सांग. मला वाटायचं आपलं सगळं बरोबर आहे. शिकवणाऱ्या ताईंनी खांद्यावरचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरायला सांगितला, तर आरामात घडी पडली, म्हणजे पट्टा सैलच. छातीवरची क्लिप पोटावर आलेली, ती काखेच्या रेषेत हवी. वर लेकीच्या अंगात जाड जॅकेट! धडकेत ते जॅकेट चेपतं आणि पट्टा एकदम ढिला होतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे एवढे महिने मी तिला सीटमध्ये बसवत होते पण बांधत नव्हते, त्या रात्री झोप लागली नाही मला.

काळा_कोट:
मी वकिली करतो, कोर्टाच्या बाजूचं सांगतो. न्यायाधीशांना टेनेसीची गोष्ट जरूर सांगा. अमेरिकेत मुलांच्या सीटचा पहिला राज्य कायदा तिथे झाला, लागू 1978 पासून, आणि त्यामागे रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. पण कायदा पास होताना त्यात एक पळवाट घुसली की मोठ्या माणसाने बाळ हातात धरलं तरी चालेल. सँडर्स तिला मूल चिरडणारी दुरुस्ती म्हणायचे. ती काढायला 1981 उजाडलं. तुमच्याकडचं ते ‘दोन मिनिटं मांडीवर’ हीच ती पळवाट आहे, कायद्यातून गेली पण आपल्या मनातून गेली नाही, असं म्हणालात तर कुणाचा अपमान होत नाही आणि मुद्दा पोचतो.

दुसरं, मुलाच्या ताब्याच्या केसेस. आदेशात नुसतं ‘कायद्याचं पालन करावं’ लिहिलं की आई एक अर्थ लावते, बाप दुसरा, आणि दोघंही खरे. त्यापेक्षा मुलाच्या वजन-उंचीला बसणारी सीट, उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे बसवलेली, दोन्ही घरांच्या गाड्यांत, असं स्पष्ट लिहिलं की पुढचे वाद मिटतात. मी तरी आता प्रत्येक मसुद्यात हे घालतो.

बकलवाला:
ताई, मीही सीट बसवून देतो. कायद्यातला वयाचा आकडा म्हणजे किमान, त्याच्या खाली जायचं नाही एवढाच त्याचा अर्थ, हे सकाळी आणि दुपारी दोन्हीकडे सांगा. लोक वाढदिवस झाला की बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असलेली सीट पुढे तोंड करून फिरवतात, जणू बढती मिळाली! युरोपातल्या आर129 नियमात मागे तोंड किमान 15 महिने आहे, पण अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये वयाची अट काढून टाकली आणि सांगितलं की सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागे तोंडच ठेवा. स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंत ठेवायचा रिवाज आहे. कारणही सांगा, तान्ह्या बाळाचं डोकं म्हणजे शरीराच्या लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा आणि मान कच्ची, पुढे तोंड असलं तर समोरून धडक बसल्यावर डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो, मागे तोंड असलं की तोच धक्का पाठ आणि डोकं मिळून घेतात. फक्त ती सीट चालू एअरबॅगसमोर कधीच नाही, हे दोनदा सांगा.

मांडीचं विचाराल तर ताशी 50 किमीच्या धडकेत 10 किलोचं बाळ हाताला दोन-तीनशे किलोंसारखं लागतं. आई कितीही घट्ट धरू दे, सुटणारच. यात तिची माया कमी पडत नाही, हे वाक्य मी मुद्दाम म्हणतो कारण नाहीतर आया रडतात आणि पुढचं काही ऐकत नाहीत.

चिऊची_आई:
+1. आणि जुन्या सीटचं पण सांग, अपघात झालेल्या गाडीतली किंवा जिचा इतिहासच माहीत नाही अशी कुणी प्रेमाने दिली तरी घेऊ नये, सीटवर मुदतीची तारीख असते ती बघायची.

काळा_कोट:
एक राहिलं. कोर्टाला मागणी ठोस करा. नुसता दंड भरला किंवा माफ झाला तरी गाडीत काही बदलत नाही. म्हणून सीट आणून, बसवून, जाणकाराकडून तपासून घेतल्याचा कागद दाखवला तर दंडात सवलत, असं सुचवा. न्यायाधीशांनाही माफ करायला एक सबळ कारण मिळतं.

दोन_वेण्या:
दादा, हे तपासणीच्या कागदाचं फार आवडलं, तेच मागते. सकाळची सुरुवात टेनेसीने करणार आणि बाहुली कोर्टातही नेणार, एखाद्या न्यायाधीशांनाच पट्टा बांधायला सांगते. बकलवाला दादा, तुमच्या तपासणीच्या कागदावर काय काय रकाने असतात? सीट हलवल्यावर पट्ट्याच्या मार्गापाशी, म्हणजे गाडीचा पट्टा सीटमधून जातो तिथे, एक इंचापेक्षा जास्त हलते का, हे मी लिहितेच, बाकीचं टाका ना इथे, शुक्रवारच्या आत छापायचंय.