मदत हवी आहे: लिहिण्याचा कॉलबॅक नोंदवला की सीपीयू १०० टक्के, आणि काही कनेक्शन्स मुकीच राहतात

नमस्कार मंडळी,

तीन दिवस एकाच जागी अडकले आहे, म्हणून विचारते. पायथनमध्ये असिंकआयओ (एकाच वेळी अनेक कनेक्शन्स सांभाळणारी लायब्ररी) वापरून एक रिले लिहिते आहे. एका बाजूने उपकरणं जोडली जातात, प्रत्येक उपकरणासाठी मी डेटा साठवणाऱ्या सर्व्हरकडे एक वेगळं कनेक्शन उघडते आणि आलेले बाइट जसेच्या तसे पुढे पाठवते. आधी हेच सिलेक्टवर (कोणतं कनेक्शन तयार आहे ते विचारण्याची जुनी सोय) लिहिलं होतं, पण सॉकेटचा (कनेक्शनच्या आपल्याकडच्या टोकाचा) क्रमांक १०२४ ला पोचला की व्हॅल्यूएरर यायची. म्हणून इव्हेंट लूपकडे वळले; काही घडलं की तो आपण नोंदवलेलं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, बोलावतो. लिनक्सवर चालवते, म्हणजे आतून ईपोल (लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, तशीच सोय) वापरलं जातं, एवढं माहीत आहे.

नोंदणी अशी केली आहे: उपकरणाच्या सॉकेटवर ॲड_रीडर (वाचायला तयार झालं की बोलव), सर्व्हरच्या सॉकेटवर ॲड_रायटर (लिहायला तयार झालं की बोलव). दोन्ही एकदाच, कनेक्शन झाल्या झाल्या. वाचणारा कॉलबॅक ६४ केबीपर्यंत वाचतो आणि तो तुकडा रांगेत टाकतो. लिहिणारा कॉलबॅक रांग बघतो. रिकामी असेल तर तसाच परततो, नसेल तर पहिला तुकडा काढून सेंड करतो. रिसीव्हने रिकामे बाइट दिले की उपकरण गेलं असं धरून दोन्ही सॉकेट क्लोज करते.

आता अडचणी. एकच उपकरण जोडलेलं असलं आणि ते काहीही पाठवत नसलं, तरी सीपीयूचा एक कोअर १०० टक्के. एस्ट्रेस (प्रोग्रॅम कर्नलला काय काय विचारतो ते दाखवणारं साधन) लावून पाहिलं तर ईपोल_वेट, जे काही घडेपर्यंत थांबायला हवं, ते अजिबात थांबत नाही. बोलावलं की लगेच परत, बोलावलं की लगेच परत, पडदाभर तीच ओळ. दुसरं म्हणजे छोटे संदेश नीट पोचतात, पण मोठ्या संदेशांची शेपटी कधीकधी गायब असते. एरर कुठेच नाही.

तिसऱ्या अडचणीने मात्र झोप उडवली आहे. काही उपकरणं जाऊन नवी आली की त्यातली काही जोडली जातात, पण त्यांचा कॉलबॅक कधीच येत नाही. उपकरण पाठवतंय, सॉकेट उघडं आहे, आणि माझा प्रोग्रॅम ढिम्म. क्वचित नवीन कनेक्शन घेताना फाइलनॉटफाउंडएरर येते. माझ्या प्रोग्रॅममध्ये एकही फाइल उघडलेली नाही!

माझं नक्की काय चुकतंय?

प्रतिसाद १

एवढं खाली उतरण्यापेक्षा असिंकआयओचे स्ट्रीम्स (वरच्या पातळीची तयार सोय) वापरा ना. रीड, राइट, ड्रेन. बाकीचं सगळं लायब्ररी बघते.

धागाकर्ती

धन्यवाद. कदाचित शेवटी तेच करेन. पण हे का होतंय ते कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. उद्या स्ट्रीम्समध्ये काही बिघडलं तर तेव्हाही असंच चाचपडत बसावं लागेल.

प्रतिसाद २

तुमचा हा आग्रह अगदी योग्य आहे. तिन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत.

सीपीयूपासून सुरू करू. 'वाचायला तयार' म्हणजे काहीतरी आलेलं आहे. ते कधीतरीच घडतं. 'लिहायला तयार' म्हणजे कर्नलच्या पाठवण्याच्या बफरमध्ये जागा आहे, आणि जागा तर जवळजवळ कायमच असते. असिंकआयओ ईपोलला लेव्हल-ट्रिगर्ड पद्धतीने वापरतं: स्थिती खरी आहे तोवर दर फेरीला तुम्हाला हाक येणार. म्हणजे तुम्ही 'जागा असली की सांग' असं सांगून ठेवलंय, आणि लूप इमानेइतबारे सेकंदाला हजारो वेळा 'जागा आहे' असं सांगतोय. दोन नोंदण्या एकसारख्या दिसतात, म्हणून एकत्रच करून टाकाव्याशा वाटतात. पण वाचण्याची नोंदणी कनेक्शनभर ठेवायची असते, आणि लिहिण्याची फक्त पाठवायचं काही उरलं असेल तेवढ्यापुरती.

शेपटीचं कारण: सेंड किती बाइट गेले तो आकडा परत देतं आणि तुम्ही तो टाकून देताय. नॉन-ब्लॉकिंग (जागा होईपर्यंत वाट न बघणाऱ्या) सॉकेटला ६५,५३६ बाइट दिले आणि बफरमध्ये ४०,००० चीच जागा असली, तर ते तेवढेच घेतं आणि ४०,००० असं उत्तर देतं. ही चूक नाही, म्हणून एररही नाही. उरलेले बाइट सांभाळणं आपलं काम. तुम्ही तुकडा रांगेतून आधीच काढून टाकलेला, मग उरलेलं जाणार कुठे?

दोन्हींवर उपाय एकच. सांगाडा मराठीतच लिहितो:

पाठव(डेटा):
  उरलेलं रिकामं असेल तर लगेच सेंड करून बघ. ब्लॉकिंगआयओएरर (आत्ता जागाच नाही) आली तर शून्य गेले असं धर
  जे गेलं नाही ते 'उरलेलं'च्या शेवटी जोड
  काही उरलं आणि रायटर नोंदवलेला नसेल तर ॲड_रायटर

लिहायला_तयार:
  उरलेलं सेंड कर, जितकं गेलं तितकं पुढून काप
  काहीच उरलं नाही तर रिमूव्ह_रायटर

पहिली ओळ महत्त्वाची. बहुतेक वेळा डेटा तिथल्या तिथे जातो आणि रायटर नोंदवायची वेळच येत नाही. 'उरलेलं रिकामं असेल तर' ही अटही गाळू नका, नाहीतर नवा डेटा जुन्याच्या पुढे घुसेल.

आता मुकी कनेक्शन्स. क्लोज करण्याआधी रिमूव्ह_रीडर आणि रिमूव्ह_रायटर करता का? तुम्ही लिहिलंय त्यावरून नाही. सॉकेट क्लोज झालं की कर्नल त्याला ईपोलच्या यादीतून स्वतःच काढतो. पण पायथनच्या सिलेक्टरकडे (असिंकआयओसाठी ईपोलशी बोलणाऱ्या भागाकडे) स्वतःची वेगळी वही असते, आणि तिच्यात तो क्रमांक तसाच राहतो. नव्या सॉकेटला लिनक्स सर्वांत लहान मोकळा क्रमांक देतो. समजा जुन्या उपकरणाचा ९ होता, तर तोच ९ नव्याला मिळतो. तुम्ही ॲड_रीडर करता, सिलेक्टर वही उघडतो: '९ वर वाचण्याची नोंद आहेच, बदललं काही नाही.' तो कॉलबॅक बदलून ठेवतो, पण कर्नलला काहीच कळवत नाही. कर्नलच्या लेखी नवा ९ यादीतच नाही. मग हाक येणार कुठून?

आणि तो ९ आधी सर्व्हरच्या बाजूचा असेल, तर वहीत लिहिण्याची नोंद असते. आता वाचणंही हवं, म्हणून सिलेक्टर कर्नलला 'या नोंदीत बदल कर' असं सांगतो. कर्नल म्हणतो अशी नोंदच नाही, ईएनओईएनटी. पायथन त्या एरर क्रमांकाचं भाषांतर फाइलनॉटफाउंडएरर असं करतं. तुमची न उघडलेली फाइल ती हीच.

तेव्हा आधी नोंदणी काढा, मग क्लोज. हे एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि कनेक्शन बंद करायची प्रत्येक वाट तिथूनच जाऊ द्या, सेंडमध्ये ब्रोकनपाइपएरर (समोरचं टोक बंद झालेलं) आली ती वाटसुद्धा.

प्रतिसाद ३

सीपीयूसाठी एज-ट्रिगर्ड करून बघता येईल का? स्थिती बदलली तरच हाक येते.

प्रतिसाद २

असिंकआयओ ती सोय देत नाही. सीमध्ये ईपोल थेट वापरत असाल तर जमतं, पण मग ईअगेन ('आत्ता वाचायला काही नाही' ही एरर) येईपर्यंत वाचत राहणं बंधनकारक. अर्धवट वाचून परतलात तर उरलेल्यासाठी पुन्हा हाक येईलच असं नाही. आधीच मुक्या कनेक्शन्सनी त्रास दिलाय, त्यात ही भर नको.

धागाकर्ती

केलं! रिकाम्या वेळी सीपीयू शून्यावर आहे, ईपोल_वेट शांत थांबलेलं दिसतं. बंद करणारं एकच फंक्शन केलं आणि पन्नास उपकरणं शंभर वेळा जोडून-तोडून पाहिली, एकही मुकं राहिलं नाही. वहीचा मुद्दा मला माझा मी कधीच सापडला नसता. मनापासून आभार.

एक नवीन दिसलं. सर्व्हर मुद्दाम हळू केला की 'उरलेलं' वाढतच जातं आणि मेमरी फुगते. आधी डेटा गळत होता म्हणून हे लक्षातच आलं नसावं. मर्यादा गाठली की तुकडे टाकून द्यायचे का?

प्रतिसाद २

टाकू नका, वाचणं थांबवा. 'उरलेलं' ६४ केबीच्या वर गेलं की त्या उपकरणाचा रिमूव्ह_रीडर, १६ केबीच्या खाली आलं की पुन्हा ॲड_रीडर. असिंकआयओच्या ट्रान्सपोर्टमध्ये (सॉकेट आणि त्याचे बफर स्वतः सांभाळणाऱ्या भागात) मूळचे आकडे हेच आहेत. दोन वेगळ्या मर्यादा यासाठी, की एकाच आकड्याभोवती नोंदणी सतत चालू-बंद होऊ नये. तुम्ही वाचणं थांबवलंत की तुमच्याकडचा येणारा बफर भरतो, टीसीपी समोरच्याला जागा नाही असं कळवतं, आणि उपकरणाचा वेग आपोआप कमी होतो.

एक काळजी घ्या: रीडर काढलेला असताना उपकरण निघून गेलं तर ते रिसीव्हमधून कळणार नाही. 'उरलेलं' उतरून रीडर परत लागला की कळेल. पण सर्व्हर कायमचाच अडकला तर ते कनेक्शन तसंच लटकत राहील, म्हणून कॉल_लेटर (ठरावीक वेळाने फंक्शन बोलावणारी सोय) वापरून त्याला एक टाइमआउट लावा.

धागाकर्ती

कळलं. टाइमआउट संपल्यावरही त्याच बंद करणाऱ्या फंक्शनमधून जाते. आज रात्रभर हळू सर्व्हरवर चालवून ठेवते, उद्या मेमरीचा आलेख इथे टाकते.