पोरांना दिसणारी चिप्सची जाहिरात: नियम कार्यक्रमाला लावायचा की पदार्थाला?

रानजाई: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चिप्स, शीतपेयं वगैरेंची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा खास मुलांच्या वाहिनीवर करता येत नाही. टीव्हीपुरतं ठीक. पण पोरं बघतात आईच्या फोनवर, आईच्याच खात्यातून. यंत्रणेच्या लेखी समोर 34 वर्षांची बाई, आणि चाललेलं असतं क्रिकेट नाहीतर गेमिंग. ब्रिटनमध्ये 5 जानेवारी 2026 पासून ठरावीक प्रकारच्या खाण्यापिण्यात पदार्थच मोजतात: त्यात काय आहे यावरून त्याला गुण देतात. नापास झाला की पैसे मोजून केलेली ऑनलाइन जाहिरात बंद, बघणारा कुणीही असो. आपल्याकडेही तेच हवं.

बाजारबुणगा: यूट्यूबवर 'मुलांसाठी' खूण असलेल्या व्हिडिओंवर खाण्यापिण्याची जाहिरात मुळात चालतच नाही, अगदी पौष्टिक पदार्थाचीसुद्धा. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 9 मध्ये अठराच्या आतल्यांना लक्ष्य करून जाहिरात करायला मनाई लिहिलेली आहे. अजून किती कुंपणं घालणार? ब्रिटनच्या पळवाटाही सांगा की: पदार्थ न दाखवता नुसता ब्रँड झळकवला तर चालतं, कंपनीच्या स्वतःच्या पानावरची फुकटची पोस्टही चालते.

रानजाई: खूण व्हिडिओ टाकणारा लावतो. गेमिंगवाला कशाला लावेल? त्याचं उत्पन्न बुडतं. कलम 9 वयावर टेकलंय आणि खातं आईचं, म्हणजे तेही गळलं. ब्रँडची पळवाट मान्य, ती चूकच आहे.

गूळदाणे: ब्रिटनचं गणित आपल्या चिक्कीला लावून बघा: साखर, उष्मांक, मीठ, संपृक्त मेद यांचे दोषगुण धरायचे आणि दाणे, तंतू (फायबर), प्रथिनं यांचे गुण त्यातून वजा करायचे. निम्मा गूळ, निम्मे दाणे धरले तर 100 ग्रॅममागे साखर 40 च्या वर, तिचेच 9 दोषगुण. उष्मांक आणि संपृक्त मेद मिळून साधारण 8. दाणे-तंतूंचे पाच-सहा वजा होतात. प्रथिनांची वजावट मिळत नाही, कारण दोषगुण 11 च्या पुढे गेले आणि दाणे 80 टक्क्यांच्या वर नाहीत. उरलेले गुण 4 किंवा जास्त असले की नापास, चिक्की 11 च्या आसपास.

बाजारबुणगा: बघा! घरगुती चिक्कीवाल्या बचत गटांचं काय करायचं?

गूळदाणे: 250 पेक्षा कमी कामगार असतील तर ब्रिटन सूट देतं, ती घ्यावी. माझी अडचण वेगळी आहे. आपल्या पाकिटावर तंतू छापणं सक्तीचं नाही, दाण्यांची टक्केवारीही दरवेळी नसते. मग वजावट कशाच्या जोरावर करणार? त्यापेक्षा चिलीची पद्धत बरी: साखर, मीठ किंवा मेद वरून घातलेल्या घन पदार्थांना 100 ग्रॅममागे 275 किलोकॅलरी, 10 ग्रॅम साखर, 400 मिलिग्रॅम सोडियम, 4 ग्रॅम संपृक्त मेद. एक मर्यादा ओलांडली तरी पदार्थ बाद. हे चारही आकडे आपल्या पाकिटावर छापलेले असतात.

बाजारबुणगा: म्हणजे बाकरवडी, चिवडा, शेव, सगळंच बाद.

रानजाई: जाहिरातीतून. दुकानातून नाही.