सेक्रेटरी ख्रिस्ती असेल तर गणपतीची पहिली आरती कोणी करायची?

पाथर्डीफाटा_सेक्रेटरी
जय ख्रिस्त आणि नमस्कार दोन्ही, कारण इथे दोन्हीकडचे लोक आहेत. आमची सोसायटी पाथर्डी फाट्याला, ४२ फ्लॅट, त्यात ख्रिस्ती घर आमचं एकच. मार्चमध्ये मला बिनविरोध सेक्रेटरी केलं, बिनविरोध म्हणजे दुसरं कोणी तयारच नव्हतं, टाकीची गळती आणि लिफ्टवाल्याशी रोजची भांडणं कोणाला हवी आहेत. आता गणपती आले. आमच्याकडे रीत अशी की पहिल्या दिवशीची आरती चेअरमन आणि सेक्रेटरी मिळून करतात. मी मीटिंगमध्ये आधीच सांगितलं की मंडप, लाइटचं टेम्पररी कनेक्शन, वर्गणीचा हिशोब, विसर्जनाचा टेम्पो सगळं माझ्याकडे द्या, आरतीला बाजूला उभा पण राहीन, फक्त ताट हातात घेणार नाही. झालं. रात्री ग्रुपवर एकाने टाकलं, वर्गणी मोजायला हात चालतात मग ताट धरायला काय होतं. खाली सतरा अंगठे. बरं रविवारी चर्च सुटल्यावर आमच्या मंडळीत विषय काढला तर तिथे उलटंच, एक काका म्हणाले वर्गणीला हात लावलास तिथेच चुकलास. म्हणजे मी दोन्हीकडून मार खातोय. माझं मत मी ठरवलंय, पण लोकांना काय वाटतं ते ऐकायचंय, शिव्या सोडून.

पंचवटीकर
दादा राग मानू नका पण तुम्ही उगाच मोठं करताय. आम्ही घरचे सगळे फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जातो, रांगेत उभे राहतो, मेणबत्ती लावतो, माझ्या बहिणीने नवस पण बोलला होता. आमचा धर्म बुडाला का? आणि गणेशोत्सव आता २०२५ पासून सरकारनेच राज्य महोत्सव जाहीर केलाय, म्हणजे तो महाराष्ट्राचा सण झाला, नुसता हिंदूंचा नाही. ताट दोन मिनिटं फिरवायचं, मनात तुमच्या येशूचं नाव घ्या की, कोण बघतंय.

वचनवीर
कोण बघतंय? ज्याने बघायचं तो बघतोय. बायबलातलं निर्गम २० वाचा, पहिली आज्ञा, माझ्याशिवाय दुसरा देव नको. बायबलातल्या शद्रख, मेशख, अबेदनगो यांना पण बाबेलचा राजा हेच म्हणत होता की वाजंत्री वाजली की दोन मिनिटं पाया पडा, ते भट्टीत गेले पण वाकले नाहीत. सेक्रेटरी भाऊ तुमचं चुकतंय ते वेगळ्याच ठिकाणी. तुम्ही बाजूला उभं राहणार म्हणताय, ते तरी कशाला? एक पाय इकडे एक पाय तिकडे असं विश्वासणाऱ्याचं नसतं. राजीनामा द्या, साक्ष होईल.

जेलरोडची_ताई
अरे वचनवीर, राजीनामा दिला की टाकी कोण दुरुस्त करणार, तू येणार का? आम्ही कॅथलिक, माझं माहेर नाशिकरोडचं, लहानपणापासून शेजारच्या काकूंकडे गौरी जेवायला जातो आणि नाताळला आमच्या करंज्या, नानकटाई, कलकल त्यांच्याकडे जातात. मी आरतीला टाळ्या पण वाजवते. फादरना एकदा विचारलं होतं मी, ते म्हणाले पूजा करू नकोस, शेजार मोडू नकोस. मला तेवढं पुरतं. ताट धरण्याबद्दल मात्र मी पण थोडी अडखळते, खोटं कशाला बोलू, कारण ताट धरणं म्हणजे स्वतः पूजा करणंच झालं ना.

पाथर्डीफाटा_सेक्रेटरी
@पंचवटीकर, तुमच्या घरचे यात्रेला येतात याचा खरंच आनंद आहे, मी पण तिथे चहाच्या स्टॉलवर सेवा केलीय जरी आम्ही प्रोटेस्टंट असलो तरी. पण हिशोब सरळ लागत नाही हो. तुमच्या देवघरात बाळ येशूचा फोटो ठेवला तर बाकीच्या देवांचं काही बिघडत नाही, तुमच्याकडे जागा आहे. आमच्याकडे पहिली आज्ञाच जागा नाही म्हणते. हे चांगलं की वाईट ते वेगळं भांडण, पण तुम्हाला जे फुकट पडतं ते मला फुकट पडत नाही एवढंच. आणि मनात येशूचं नाव घेऊन ताट फिरवायचं हे मला जास्त वाईट वाटतं, ती तुमच्या गणपतीची पण फसवणूक आणि आमच्या देवाची पण.

त्र्यंबकरोड७
गोड गोड बोलून मुद्दा टाळू नका. पद घेतलं की पदाबरोबर येणारं सगळं घ्यायचं. आज सोसायटी आहे, उद्या महानगरपालिका. २०२७ ला सिंहस्थ आहे, समजा तेव्हा महापौर किंवा आयुक्त तुमच्यातला असला तर गोदामाईची पूजा कोण करणार? का तिथे पण फक्त टेम्पो बघणार? ज्या देशात राहता तिथल्या संस्कृतीला हात जोडायला लाज वाटते आणि रोमच्या पोपपुढे वाकायला नाही वाटत.

जेलरोडची_ताई
ते सेक्रेटरी प्रोटेस्टंट आहेत हो, पोप आमचा. निदान शिवी तरी बरोबर घरावर द्या 😀

कायद्याचं_बोला
महापौराचा मुद्दा थट्टेत घालवू नका, खरा प्रश्न तोच आहे. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांच्या, आमदार खासदारांच्या शपथा दिल्यात, त्यात दोन पर्याय आहेत, ईश्वरसाक्ष शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो. म्हणजे देशाच्या सगळ्यात मोठ्या पदावर बसताना सुद्धा देवाचं नाव घ्यायची सक्ती नाही, मग सोसायटीच्या सेक्रेटरीला कुठून आली? पदाची कामं उपविधीत असतात, मीटिंगची नोटीस, इतिवृत्त, रजिस्टरं, पत्रव्यवहार. आरती त्यात नाही.
आणि आदराचं म्हणाल तर १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला. केरळातली तीन भावंडं, यहोवा विटनेस पंथातली, शाळेत राष्ट्रगीताला उभी राहायची पण धर्माच्या कारणाने गायची नाहीत. १९८५ मध्ये शाळेतून काढलं. सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं, की शांतपणे आदराने उभं राहिलं म्हणजे अपमान होत नाही. इथे तर राष्ट्रगीत पण नाही.

त्र्यंबकरोड७
वकील साहेब ती सरकारी यंत्रणा, इथे चार लोकांचं घर आहे. रीत कोर्टात ठरत नाही. आणि सक्ती कोणी केलीय, एक टोमणा मारला तर लगेच सुप्रीम कोर्ट.

कायद्याचं_बोला
हे मान्य. टोमण्याला कायदा नाही. मी फक्त उभं राहणं म्हणजे अपमान नव्हे एवढ्यासाठी दाखला दिला.

शरणपूरकर_म्हातारा
मी टायपिंग हळू करतो, नातवाने फोन लावून दिलाय. त्र्यंबकरोड७ यांनी "ज्या देशात राहता" असं लिहिलंय म्हणून लिहितो. आपण रोज शरणपूर रोडवरून जाता येता, ते नाव कशाचं माहीत आहे का? १८५४ साली मिशनऱ्यांनी ख्रिस्ती लोकांसाठी वसवलेलं गाव ते, शरण आलेल्यांचं गाव. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जायची, त्यातली सोडवलेली आफ्रिकन पोरं इथे नाशकात आणून शिकवली, सुतारकाम लोहारकाम दिलं. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेला मिशनरी संशोधक लिव्हिंग्स्टन याचं प्रेत आफ्रिकेतून घेऊन निघालेल्यांत होता आणि १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत दफनाला हजर होता. म्हणजे नाशकात शिकलेला पोरगा. आम्ही काल आलेलो नाही.
आता आरतीचं. आमचे कवी नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले, त्यांची बायको लक्ष्मीबाई १९०० ला, मधे काही वर्षं दोघं वेगळे राहिले. लक्ष्मीबाई इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, माहेर अतिशय सोवळ्याचं. परत एकत्र नांदायला लागल्यावरही नवरा ख्रिस्ती आणि बायको आपलं सोवळं सांभाळून, असा संसार काही काळ चाललाच. एका छपराखाली दोन देव राहिले, कोणी कोणाच्या हातात ताट कोंबलं नाही. टिळकांनी तर अभंग लिहिले, कीर्तनं केली, आमच्या चर्चमध्ये आजही पेटी तबल्यावर त्यांची पदं म्हणतात. चाल इथली, गाणं ख्रिस्ताचं. मला वाटतं सेक्रेटरींनी टाळ वाजवायला हरकत नाही.

वचनवीर
आजोबा आदर आहे, पण टाळ कोणासाठी वाजतोय ते महत्त्वाचं. टिळकांनी चाल घेतली, देव नाही घेतला. तुम्ही चाल पण त्यांची आणि देव पण त्यांचा असं करायला सांगताय.

शरणपूरकर_म्हातारा
हं. ते बरोबर आहे तुझं. टाळ मागे घेतो.

मखमलाबादची_मास्तरीण
मी बौद्ध घरातली, माझे सासरचे काही नातेवाईक ख्रिस्ती. वाचता वाचता एक गोष्ट सारखी डोक्यात येतेय. याच नाशकात १९३० ला बाबासाहेबांना काळारामाच्या दारात सत्याग्रह करावा लागला, आम्हाला आत येऊ द्या म्हणून, पाच वर्षं चाललं आणि दार उघडलं नाही. मग १९३५ ला येवल्याला त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. आणि आता त्याच गावात भांडण काय, तर हा माणूस आत येऊन ताट धरत नाही. तेव्हा येऊ नका म्हणाले आता आलाच पाहिजे म्हणतात, दोन्ही वेळेला दुसऱ्याने काय करायचं ते तुम्हीच ठरवणार. आणि दलित ख्रिस्ती लोकांना तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे एससीची सवलत पण नाही, शिखांना १९५६ ला दिली, बौद्धांना १९९० ला, ख्रिस्ती बाहेरच. श्रद्धेची किंमत मोजून बसलेल्या लोकांना "दोन मिनिटांचा प्रश्न आहे" म्हणणं सोपं आहे.

पंचवटीकर
ताई तुम्ही खूप लांब नेलंत. मी कोणाला बाहेर ठेवलं नाही, उलट मानाचं ताट देतोय. मान नाकारला की लोकांना लागतं एवढी साधी गोष्ट आहे. आमच्या चेअरमनच्या आईने स्वतः सोवळ्यात नैवेद्य केला असेल, तिला तुम्ही बिजो खटला सांगणार का?

पाथर्डीफाटा_सेक्रेटरी
पंचवटीकर हे मात्र तुम्ही बरोबर बोललात, मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतोय, त्या सतरा अंगठ्यांचा नाही. तळमजल्याच्या काकूंनी मला स्वतः येऊन विचारलं की बाळा काही चुकलं का आमचं. त्यांना काय सांगू. त्यांना सांगितलं की काकू तुम्ही आमच्या घरी प्रार्थनेला आलात तर मी तुम्हाला प्रभुभोजनाची भाकर घ्या म्हणणार नाही, ती ज्याची श्रद्धा त्याची, तुम्ही बसा चहा घ्या, तसंच आहे हे. त्या म्हणाल्या मग बरं. ग्रुपवर हे लिहिलं असतं तर अजून वीस मेसेज झाले असते.
पण "राज्य महोत्सव आहे म्हणून धार्मिक नाही" हे मला पटत नाही आणि खरं सांगू तर ते तुम्हाला पण पटू नये. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करता, मंत्र म्हणता, आणि मला गळ घालायची असेल तेवढ्यापुरता तो सांस्कृतिक कार्यक्रम होतो. मी गणपतीला देव मानत नाही, पण तुम्ही मानता हे मी गंभीरपणे घेतो, म्हणून तर ताट धरत नाही. शो पीस मानत असतो तर कधीच धरलं असतं.

त्र्यंबकरोड७
हा शेवटचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. बाकी माझं मत तेच, तुम्ही सेक्रेटरीपद घेताना हे आधी सांगायला हवं होतं.

पाथर्डीफाटा_सेक्रेटरी
हो, ते चुकलं. मार्चमध्ये सांगायला हवं होतं, तेव्हा फक्त टाकी डोक्यात होती.

जेलरोडची_ताई
आणि प्रसाद? तो खाणार का नाही ते कोणीच विचारलं नाही अजून, आमच्या घरात तर खरं भांडण त्यावरून होतं.

वचनवीर
बायबलातलं १ करिंथ १०. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, पण कोणी सांगितलं की हे मूर्तीला दाखवलेलं आहे तर खाऊ नका. मोदक कुठून आला ते सगळ्यांना माहीत असतं.

देवळाली_कॅम्प_रिटायर्ड
फौजेत २४ वर्षं काढली म्हणून बोलतो, मी पण ख्रिस्ती. आमच्या युनिटचं मंदिर होतं, पूजेला सगळे उभे राहायचे, मी पण. वचनवीर बेटा, २ राजे ५ पण वाच. परक्या देशाचा नामान सेनापती कोडातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की माझा राजा रिम्मोनच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मला पण वाकावं लागतं, परमेश्वराने एवढी क्षमा करावी. अलीशाने भाषण नाही दिलं, शांतीने जा म्हणाला. ड्युटी आणि भक्ती यातला फरक त्या माणसाला कळला होता.

वचनवीर
अंकल नामान काल विश्वास ठेवलेला माणूस होता, त्याला सवलत मिळाली. आपण चार पिढ्यांचे. आणि त्याने क्षमा मागितली, म्हणजे ते चूक आहे हे त्याला माहीत होतं.

देवळाली_कॅम्प_रिटायर्ड
चार पिढ्यांचे आहोत म्हणून तर शेजाऱ्याला घाबरायचं कारण नाही. असो, तू २२ वर्षांचा असशील, मी पण तेव्हा असाच होतो.

पाथर्डीफाटा_सेक्रेटरी
अपडेट देतो. काल रात्री मीटिंग झाली, दीड तास, त्यातला एक तास विसर्जनाच्या टेम्पोवर. आरतीचं असं ठरलं की चेअरमनसोबत दरवर्षी एका विंगचं एक जोडपं चिठ्ठी काढून, पदाचा संबंध नाही. दोघं तिघं नाराज आहेत, त्यांचं म्हणणं परंपरा मोडली, आणि मला ते कळतं, माझ्यामुळे मोडली हे पण खरं आहे. मी बाजूला उभा राहणार, हात जोडणार नाही, चपला बाहेर काढणार. वर्गणीची वही माझ्याकडेच आहे, तीन फ्लॅटची बाकी आहे, त्यात सतरा अंगठ्यांतला एक पण आहे. प्रसादाचं बायकोचं आणि माझं जमलेलं नाही, ती वचनवीरच्या बाजूने आहे, मी काकूंच्या हातचा नाही म्हणू शकणार नाही. पोराने दोन मोदक आधीच खाल्लेत.

वचनवीर
पोराला सांगा तरी काय होतं ते.

जेलरोडची_ताई
उकडीचे की तळणीचे?