मदत हवी आहे: जुन्या सॅन स्टॉर्मचं हेड वाकलंय, फेस मारू (तासून सपाट करू) की बदलू?

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे गॅरेजात जितकी डोकी तितकी मतं ऐकतोय, आणि इंजिनाचं डोकं, म्हणजे सिलिंडर हेड, मात्र टेबलावर उघडं पडलंय. म्हणून हा धागा.

गाडी सॅन स्टॉर्म, २००० सालची. नव्या मंडळींनी नावही ऐकलं नसेल, म्हणून सांगतो. गोव्यात बनायची. दोन सीट, फायबरची बॉडी आणि बॉनेटखाली रेनॉचं ११४९ सीसीचं डी७एफ पेट्रोल इंजिन. युरोपात क्लिओ आणि ट्विंगोत असायचं तेच. ताकद साठेक बीएचपी. हिला स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक हसतात, हसोत. पहाटे छत काढून गंगापूर धरणाकडे निघालो की मला दुसरी कुठली गाडी आठवत नाही. मामांची गाडी, त्यांनी हौसेने घेतलेली, आता माझ्याकडे आहे.

झालं असं, की मे महिन्यात मुंबईहून येताना कसारा घाटात ट्रकांच्या मागे अडकलो. पहिला गिअर, दुसरा गिअर, परत पहिला. टेम्परेचरचा काटा चढत चढत लालला टेकला. बाजूला घ्यायला जागा नव्हती. आणि तेवढ्यात काटा आपोआप खाली आला! मला वाटलं, सुटलो. तसाच इगतपुरीपर्यंत दामटत आणली.

तिथेच घात झाला. नाशकातल्या द्वारकेच्या आमच्या गॅरेजवाल्या चाचांनी नंतर समजावलं की काटा खाली आला तो इंजिन थंड झालं म्हणून नव्हे. पाणी उकळून इतकं कमी झालं होतं की सेन्सर कोरडा पडला, त्याला गरम पाणी लागेचना, मग तो दाखवणार काय? वाचणाऱ्यांपैकी एकाने जरी हे लक्षात ठेवलं तरी माझा खर्च थोडा वसूल झाला म्हणेन. लालवरून काटा अचानक उतरला तर हुश्श करू नका, गाडी तिथल्या तिथे बंद करा.

मूळ दुखणं किरकोळ निघालं. रेडिएटरच्या पंख्याचा रिले गेला होता. पंखा फिरलाच नाही.

गाडी टोचन करून नाशकात आणली. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर, सायलेन्सरमधून पांढरा धूर. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहिलं तर १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला साडेबारा बार, २ आणि ३ ला जेमतेम चार. हेड काढल्यावर २ आणि ३ च्या मधलं गॅस्केट (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) जळालेलं दिसलंच. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातला, तर मधोमध ०.१८ मिमीचं पान आरामात जातंय. ०.०५ च्या वर गेलं की चिंता करायची, असं चाचा म्हणतात. ब्लॉक बिडाचा आहे, तो पट्टीला सरळ लागला. हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, आणि खाली बोल्टांनी जखडलेलं असतं. वाकणार नाही तर काय करेल?

आता मजा ऐका. जो भेटतो तो म्हणतो, "अरे, रेनॉचं इंजिन ना? मग नाशकात कसली काळजी! लोगान इथेच बनायची." बरोबर आहे, महिंद्रा-रेनॉची लोगान २००७ पासून आपल्याच कारखान्यातून निघायची, पुढे तिची व्हेरिटो झाली. पण लोगानचं १.४ लिटरचं इंजिन म्हणजे के७जे. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७९.५ मिमी, माझ्या डी७एफचा ६९. दहा मिमीहून जास्त फरक! तरी एका दुकानदाराने "बसेल हो, थोडं कापून घ्या" म्हणत लोगानचं हेड गॅस्केट हातात ठेवलंच. मी नमस्कार करून निघालो.

आता माझे प्रश्न.

नाशकातल्या अंबडच्या एका वर्कशॉपवाल्याने फेस मारून द्यायची तयारी दाखवली आहे. पण रेनॉच्या काही इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये हेडला फेस मारायचाच नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं, म्हणून हात धजत नाही. कोणी या इंजिनाला फेस मारून गाडी चालवली आहे का? किती टिकली? आणि बदलायचंच ठरवलं तर हेड मागवावं कुठून? घरचं मत असं आहे की गाडी विकून टाकावी. ते मत कृपया इथे परत देऊ नये.

प्रतिसाद १
दादा, कशाला डोक्याला ताप? मारुतीचं इंजिन टाका आणि मोकळे व्हा. पार्ट कोपऱ्यावर मिळतात.

धागाकर्ता
भाऊ, इंजिन बदललं की आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद आली. त्यात माउंटिंग वेगळे, गिअरबॉक्स वेगळा. पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करून घेतानाच माझा घाम निघाला होता. शिवाय मामा विचारतील, "आत काय आहे?" तेव्हा काय सांगू?

प्रतिसाद २
मी तीस वर्षं हेडचंच काम केलं, आता निवृत्त. घाईने फेस मारू नका. हेड वाकतं तेव्हा फक्त खालचा पृष्ठभाग वाकत नाही, वर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जिथे बसतो ती रेषही वाकते. खालून तासून सपाट कराल, पण वरचा बाक तसाच राहील. मग कॅम आवळून फिरतो आणि एक दिवस अडकतो किंवा तुटतो. आधी टायमिंग पुली आणि रॉकर काढा, कॅमला तेल लावा, हाताने फिरवून बघा. सगळीकडे सारखा हलका फिरला तर पुढचा विचार. एखाद्या जागी जड लागला तर फेसचे पैसे वाया गेले समजा.

दुसरं, प्रेशर टेस्ट आणि डाय पेनिट्रंट (रंग लावून चीर शोधायची तपासणी) करून घ्या. व्हॉल्व्ह सीटच्या मधली केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. तिसरं, हार्डनेस बघा. फार तापलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं, मग नवं गॅस्केटही त्यात रुतून परत गळतं. सातपूर-अंबडला या तपासण्या करणारे लोक आहेत. आधी तपासणी, मग मशीन.

प्रतिसाद ३
काका म्हणतात ते शंभर टक्के. भर एवढीच, की इंजिनावरची नंबरांची पट्टी वाचा. डी७एफच्या पुढे तीन आकडे असतात, ते कळल्याशिवाय काहीही मागवू नका. गॅस्केट सेट आणि हेड बोल्ट हलके असतात, युरोपातून कुरिअरने येतात. जुने बोल्ट परत वापरू नका, ताणलेले असतात. थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचं झाकणही नवं टाका. आणि तो रिले!

धागाकर्ता
काका, तुमचा प्रतिसाद छापून गॅरेजात नेला. चाचांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि "आदमी काम का है" असा शेरा दिला.

आज दुपारी कॅम फिरवून पाहिला. अर्धा फेरा लोण्यासारखा, मग एका जागी असा जड की पाना लावावा लागला. दोनदा पुसून, तेल घालून पाहिलं. तीच जागा, तोच जडपणा. अंबडची सोमवारची वेळ रद्द केली. इथून हाकेच्या अंतरावर ओझरला लढाऊ विमानं खोलून जोडतात, आणि माझं वीतभर हेड सरळ होत नाही, याची गंमत वाटली आणि रडूही आलं.

तर आता प्रश्न बदलला आहे. हेडच हवं आहे. पट्टीवरचे आकडे उद्या घासून, फोटो काढून टाकतो. कोणाकडे अपघातात गेलेली किंवा शेडमध्ये धूळ खात पडलेली स्टॉर्म असेल, गोवा, पुणे, बेंगळुरू कुठेही, तर व्यनि करा. हेड न्यायला मी स्वतः येईन. कॅम हाताने फिरवून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही, एवढं मात्र आधीच सांगून ठेवतो.