बुडबुडे नाही, हायड्रोमीटर पाहा

घरी बिअर आंबवताना एअरलॉकमधले (बादलीच्या झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी पाण्याची छोटी नळी) बुडबुडे थांबले म्हणजे यीस्ट मेलं, बादली ओतून द्या, असं या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय ते मला अजिबात पटत नाही. प्लास्टिकच्या बादलीत बहुतेक वेळा झाकणाची रबरी रिंगच लीक असते, गॅसला जिकडून सोपं जाते तिकडून तो निघून जातो, एअरलॉकपर्यंत येईल कशाला. झाकण हलकंच दाबून पाहा, एअरलॉकमधलं पाणी सरकून तसंच टिकलं तर सील ठीक आहे, लगेच जागेवर आलं तर लीक. आणि मे महिन्यात ते पाणीच सुकून जाते, तेही अधूनमधून भरत जा.

पण हायड्रोमीटरचं, म्हणजे द्रव पाण्यापेक्षा किती दाट आहे अन् त्यावरून साखर किती उरली ते दाखवणाऱ्या तरंगत्या काचेच्या नळीचं, कोणीच बोललं नाही. तो बहुतेक 20 डिग्रीला कॅलिब्रेट केलेला राहते, आतल्या कागदी पट्टीवर छापलेलं असते पाहा, आणि आपल्या नागपुरात कूलर लावूनही खोली 35 च्या खाली येत नाही. वर्ट (ज्याची बिअर होते ते माल्टचं गोड पाणी) 40 डिग्रीला असलं तर आकडा साधारण 0.006 ने कमी दिसते, म्हणजे 1.044 वाचलं तर खरं 1.050 च्या आसपास. त्यामुळे सॅम्पल स्टीलच्या ग्लासात काढून बर्फाच्या पाण्यात ठेवा, 20 ला आलं की मोजा, परत बादलीत मात्र टाकू नका. दोन-तीन दिवस आकडा जागचा हलला नाही तरच बाटल्या भरा, नाहीतर या गर्मीत आत गॅस साचून त्या फुटतात अन् काचा लागतात हो कोणाला तरी.