खालचा कोन आणि चेहऱ्यावरची सावली
डोक्यावर ओझे घेतलेल्या व्यक्तीचे छायाचित्र खालच्या कोनातून घ्यावे, म्हणजे ओझे भव्य दिसते, हे नेहमी ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. ओझे भव्य दिसते खरे, पण मागे पावसाळी पांढुरके आभाळ भरते आणि त्या उजेडाला भुलून कॅमेरा चेहरा अधिकच काळवंडून टाकतो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर दिवेघाट चढणाऱ्या, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रियांची छायाचित्रे काढताना माझे हेच झाले. वृंदावनाची सावली नेमकी डोळ्यांवर पडत होती. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर आणून, प्रकाश केवळ चेहऱ्यावर मोजून आणि पार्श्वभूमीला आभाळाऐवजी डोंगराचा उतार घेतला, तेव्हा कुठे नजर दिसू लागली.

त्यांतल्या एका मावशींना मी क्षणभर थांबण्याची विनंती केली, तर "थांबलं की मान भरून येते, चालता चालता काय ते काढा" असे त्या म्हणाल्या. चुंबळीवरचा तोल चालीच्या लयीत साधलेला असतो, त्यामुळे थांबवून काढलेल्या माझ्या चित्रांत मान ताठरलेली आणि हात उगाच वर गेलेला दिसतो. मात्र घाटात त्यांच्यापुढे उलटे चालताना मागे एखादा सोबती असू द्यावा.