वस्तीवरच्या खिडकीला पत्रा ठोकण्याबद्दल

खिडकी फुटली की पत्रा ठोकून मोकळं व्हा, असं कुणीही सुचवेल. पण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ-बार्शीकडच्या दगडमातीच्या माळवदी (सपाट मातीच्या छताच्या) घरांत तसं अजिबात करू नका. त्या भिंतीत खिळा धरत नाही, आणि वळवाच्या वाऱ्यात सुटलेला पत्रा माणसाला कापतो. बाहेरून १२ मिमीचा प्लायवूड लावा, आतून भिंतीला दोन आडव्या फळ्या टेकवा, आणि गजांच्या मधून लांब बोल्ट घालून दोन्ही आवळा. बोल्टचं डोकं गोल घ्या, नट आतच ठेवा. बाहेरून कुणाला खोलता येणार नाही. चोरीचा प्रकार असेल तर आधी ११२ ला फोन करा, पंचनामा होईपर्यंत काचांनाही हात नको. घरात कुणी राहत असेल तर एक दार आतून उघडता येईल असं ठेवाच.